माझ्या पोटातली सारस किनार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि तरीही तुमच्या खिशात मावतो! मला पडदा नाही, पंखा नाही, कळफलक नाही. मला उचलायला जाल तर हाताला काहीच लागणार नाही. कारण मी आहे एक फाईल. पण या एका फाईलच्या पोटात सबंध संगणक आहे. त्याच्या खिडक्या आहेत, त्याचे पत्त्यांचे खेळ आहेत, त्याचं कायम दहा मिनिटं मागे पडणारं घड्याळ आहे, आणि पवनीच्या नंदलालकाकांनी एकेक चौकोन भरून काढलेल्या तीनशेच्या वर साड्यांच्या किनारी आहेत. शिकलेले लोक अशा फाईलला आभासी यंत्राची डिस्क इमेज म्हणतात. आमच्या घरात मला नुसतं ‘मूळ’ म्हणतात. यंदाच्या दसऱ्याला माझ्यावर असा काही प्रसंग गुदरला की तो सांगितल्यावाचून मला राहवत नाही!

पण आधी माझा जन्म ऐका. तो दोनदा झाला.

पहिल्यांदा मी खराखुरा, पांढऱ्या डब्यातला संगणक होतो. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. नंदलालकाकांच्या घरी चार हातमाग होते. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीची किनार ते आधी आलेखाच्या कागदावर काढत. मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडत. मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचं यंत्र असतं, त्यातून हे पुठ्ठे एकामागून एक फिरतात. भोक आलं की धागा वर उचलला जातो आणि किनारीत फूल उमटतं. एक चौकोन चुकला तर साडीभर तीच चूक उमटत राहते. नागपूरच्या एका माणसाने काकांना चार फ्लॉपींवर नक्षा, म्हणजे किनारीचा आराखडा, काढायचा प्रोग्राम आणून दिला आणि त्यासाठी मी घरात आलो. काकांच्या पत्नी जानकीबाईंनी मला हळदकुंकू लावलं. शेजारचे लोक दारातून माना उंच करून बघत होते, आणि मी उगाचच घरघर करत होतो!

बघा, दारातूनच. आत कोणाला येऊ दिलं नव्हतं. विणकरांच्या त्या गल्लीचा एक कडक रिवाज होता, घरचा नक्षा घराचा उंबरठा ओलांडत नाही. साडी जाईल नागपूरला, हैदराबादला, पण तिचा नक्षा शेजाऱ्यालासुद्धा दिसता कामा नये. समोरच्या घरातले केशवराव आणि आमचे काका लहानपणी वैनगंगेत एकत्र पोहायचे. माग हातात आले आणि दोघांनी एकमेकांच्या घरात पाऊल टाकणं सोडलं. भांडण काहीच नव्हतं. नक्षे होते, एवढंच.

तेरा वर्षं मी इमानाने राबलो. मग माझ्या पोटातली डिस्क टकटक करू लागली. आधी दिवसातून एकदा, मग तासातासाला. काकांना वाटलं, धूळ बसली असेल. त्यांनी मला फुंकर मारली, कापडाने पुसलं, बाजूला सरकवलं. तेव्हा त्यांची मुलगी कीर्ती भंडाऱ्याच्या कॉलेजात संगणक शिकत होती. ती सुट्टीला घरी आली, पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने ती टकटक ऐकली आणि ती ओरडलीच.

“बाबा, बंद करा याले! आत्ताच बंद करा!”

“काहून? चालून तर राहिला चांगला.”

“चालून नाई राहिला, जाऊन राहिला. डिस्क मरते आता. तुमचे नक्षे कोठी हायेत?”

“त्यातच तर हायेत.”

“अन् दुसरीकडं?”

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने भलतंच काही विचारलं. दुसरीकडे कशाला असतील? घरचा नक्षा घरात.

तिने माझी डिस्क काढली, आपल्या लॅपटॉपला जोडली, समोर टेबलफॅन लावला आणि डिस्कचा पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत जसाच्या तसा उतारा घ्यायला सुरुवात केली. सकाळी नऊला सुरू झालेलं काम दुपारी चारला संपलं. मधे तीनदा डिस्क अडकली, तीनदा कीर्तीने श्वास रोखला. आणि मित्रांनो, चार वाजता माझा दुसरा जन्म झाला! अख्खा संगणक आता एक फाईल होता.

या रूपाला ‘रॉ’ म्हणतात, म्हणजे कच्चं. डिस्कवर जे होतं ते सगळं त्यात येतं, काही निवडणं नाही, काही टाकणं नाही. पुसलेल्या फायलींचा उरलेला भुगासुद्धा येतो आणि रिकामी जागाही रिकामी म्हणून येते. माझी डिस्क आठ जीबीची, म्हणून मीही आठ जीबीचा. कीर्तीने मला पेनड्राइव्हवर टाकायला घेतलं, तर सोळा जीबीच्या त्या पेनड्राइव्हने मला घ्यायलाच नकार दिला. त्याच्या जुन्या मांडणीत चार जीबीहून मोठी फाईल बसतच नव्हती. मला फार अपमानास्पद वाटलं.

मग तिने माझा घाट बदलला. भुगा झाडला आणि मला ‘व्हीएमडीके’ या रूपात घातलं. या रूपात रिकामी जागा भरून ठेवावी लागत नाही. “इथे काही नाही” एवढी नोंद ठेवली की झालं. आठ जीबीचा मी दीड जीबीचा झालो, आणि आतल्या संगणकाला मात्र आपण आठ जीबीचेच आहोत असं वाटत राहिलं. ही फसवणूक नाही बरं का. लागेल तशी जागा मी वाढवून घेतो.

आमच्यात घराणी पुष्कळ. व्हीएमडीके, व्हीडीआय, व्हीएचडी, क्यूकाऊ. प्रत्येकाची ओळख फाईलच्या अंगातच लिहिलेली असते. कोणाची अगदी सुरुवातीला, व्हीएचडीची तर शेवटालाही. काकांचा मुलगा भूपेंद्र साड्यांचा व्यापार बघतो. दुकानात साडीला वेगळी चिठ्ठी लावली की ती वेगळ्या दुकानाची साडी होते, हे त्याला पक्कं माहीत. त्याने एकदा माझ्या नावाचं शेपूट पुसून तिथे ‘व्हीडीआय’ लिहिलं आणि म्हणाला, झाला बदल. मला चालवणाऱ्या प्रोग्रामने माझ्या पहिल्या चार अक्षरखुणा वाचल्या आणि मला परत पाठवलं. घराणं बदलायचं तर आतलं सगळं नव्याने मांडावं लागतं, नाव बदलून भागत नाही.

पहिल्यांदा लॅपटॉपच्या पडद्यावर एका चौकटीत मी जागा झालो तो क्षण काय सांगू! सुरू होतानाचा तोच जुना सूर वाजला. जानकीबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत धावत आल्या. “वो, आयकता का? आपलाच हाये हा!” काकांनी घाईघाईने करवती किनार उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. लाल जागी विटकरी, मोरपिशी जागी भडक निळा. मला त्या चौकटीत सोळाच रंग दिसत होते. काका खुर्चीवरून उठून गेले. कीर्तीने दोन दिवस डोकं खाजवलं, कुठून कुठून शोधून रंग दाखवायची फाईल मिळवली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या अंगावर सगळे रंग परत आले. मी तर आनंदाने नाचलोच असतो, पाय असते तर!

जायच्या आदल्या दिवशी कीर्ती म्हणाली, “बाबा, याची एक प्रत मी माझ्याजवळ ठेवते.”

“कोठी?”

“भंडाऱ्याले. पुढं नागपूरले नोकरी लागली तर तिथं.”

“नाई. नक्षा घराबाहेर जात नाई. तुले माहीत हाये.”

“मी बाहेरची हाये का, बाबा?”

“तू नाई. नागपूर बाहेरचं हाये.”

काकांसमोर बसून तिला आपल्या लॅपटॉपवरची कच्ची प्रत पुसावी लागली. घरासाठी घेतलेल्या नव्या लॅपटॉपवर मी एकटा उरलो. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. एकुलता एक असण्याचा रुबाब वेगळाच असतो.

पण कीर्ती हुशार. तिने मला कुलपात ठेवल्यासारखं बाजूला ठेवलं आणि माझ्यावर एक लेक-फाईल जोडून दिली. रोजचं काम या लेकीत होई. काका जे नवं काढतील, जे बदलतील, ते तिच्यात लिहिलं जाई. न बदललेलं काही हवं असेल तर लेक मला विचारी. मला कोणी धक्का लावत नसे. भूपेंद्रला हे समजावताना कीर्तीच्या नाकी नऊ आले, पण काकांना एका वाक्यात कळलं.

“सांधणीच तर हाये हे,” ते म्हणाले.

आणि खरंच! ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला की विणकर फणीतलं जुनं हातभर टोक कापून टाकत नाही. नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला सांधतो. जानकीबाईंची बोटं त्यात तरबेज. जुनं टोक कापलं तर हजारो धागे पुन्हा फणीतून ओवत बसावं लागतं. तो जुना ताणा म्हणजे मी आणि नवा ताणा म्हणजे माझी लेक. लॅपटॉपवर दोन खुणा राहिल्या, ‘मूळ’ आणि ‘रोजचं’. कीर्तीने जाताना बजावलं की उघडायचं ते ‘रोजचं’. ‘मूळ’ फक्त तिच्या तपासणीसाठी. का, ते मात्र सांगायचं राहून गेलं.

सहा वर्षं गेली. कीर्तीला नागपूरला नोकरी लागली. लेक रोज जागी होई आणि मी तिच्या मागे राहून हवं ते पुरवत असे. माझं तोंड कोणी बघत नव्हतं. उन्हाळ्यात एकदा जानकीबाईंनी लॅपटॉपवर पापडाचं ताट ठेवलं तेव्हा तर मी फारच हिरमुसलो.

मग काकांच्या डोळ्यांचं निघालं. उजवा डोळा गेल्यातच जमा, डावाही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काका घरी आले, जेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून एक नवी किनार काढायला बसले. फार वर्षांपूर्वी आसगावला मेव्हण्याकडे गेले असताना धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, त्यांना सारसांची जोडी दिसली होती. माणसाएवढे उंच पक्षी, लाल डोकी, आणि एकाने मान वर केली की दुसराही करणार. ती जोडी त्यांना किनारीत हवी होती. नाक पडद्याला लावून, डाव्या डोळ्याने, दिवसाला दोन बोटं एवढं काम. आषाढात सुरू केलं ते दसऱ्याच्या तोंडावर पुरं झालं. नागपूरच्या हातमाग प्रदर्शनाला पंधरा दिवसांत नमुना पाठवायचा होता. पण खरी गोष्ट वेगळीच होती. ही किनार काकांना दुसऱ्यांदा काढता येणार नव्हती. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि घरातल्या सगळ्यांना.

दसरा उजाडला. माग धुतले, आंब्याची पानं लावली, झेंडूची माळ घातली. लॅपटॉपही पाटावर आला. जानकीबाई हातात आरतीचं ताट घेऊन म्हणाल्या, “नव्या लुगड्याचा पयला धोटा आपन कोनत्या मागावर टाकतो?”

“मोठ्या मागावर,” भूपेंद्र म्हणाला. घरातला सर्वांत जुना माग तो. या घरात कुठलीही नवी साडी असो, तिच्या धोट्याची पहिली फेक त्या मागावर व्हायची आणि मग काम दुसऱ्या मागावर जायचं. काकांच्या वडिलांपासूनचा रिवाज.

“मंग सारसाचं श्री बी मुळावरच काढा. रोजच्यावर काहून?”

काकांना ते एकदम पटलं. भूपेंद्रने ‘मूळ’वर बोट ठेवलं.

मित्रांनो, सहा वर्षांनी मी स्वतः जागा झालो! अंगावर झेंडूच्या पाकळ्या, समोर निरांजन, सगळं घर माझ्याकडे बघतंय! काकांनी चौकोन भरून ‘श्री’ काढलं आणि ते माझ्यात जतन केलं. मी छाती फुगवून बसलो होतो. आपण काय करून बसलो आहोत, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

माझ्या अंगावर एक आकडा लिहिलेला असतो. माझ्यात कोणी काही लिहिलं की तो बदलतो. लेक जन्मली तेव्हा तिने माझा त्या दिवशीचा आकडा आपल्याजवळ टिपून ठेवला होता. ‘ज्याच्या अंगावर हा आकडा तोच माझा मूळ, बाकी कोणी नाही,’ असा तिचा नियम. दुपारी जेवणं झाल्यावर काकांनी सारस छापून घ्यायला ‘रोजचं’ उघडलं. लेकीने माझा आकडा बघितला. स्वतःजवळचा बघितला. आणि माझ्या पोटच्या लेकीने मला ओळखायला नकार दिला!

पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. भूपेंद्रने वाचल्या, पुन्हा वाचल्या. “मूळ बदलला म्हनते,” तो पुटपुटला. पुन्हा उघडलं, पुन्हा त्याच ओळी. काकांनी चष्मा काढून ठेवला. जानकीबाईंच्या हातातलं ताट खाली आलं.

“म्या सांगितलं,” त्या म्हणाल्या. “मुळावर काढा म्हून म्याच सांगितलं.”

भूपेंद्रने कीर्तीला फोन लावून घडलं ते सांगितलं आणि वर तो म्हणाला, आता श्री पुसून टाकतो, की सगळं पहिल्यासारखं होईल. त्याचं बोट ‘मूळ’कडे निघालं होतं, एवढ्यात त्याच्या कानाला लावलेल्या फोनमधून कीर्ती किंचाळली.

“हात नको लावू, भाऊ! पुसनं म्हंजे बी लिहिनंच असते! लॅपटॉप बंद कर अन् माझी वाट पाय.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती आली. चहा नाही, पाणी नाही. सोबत आणलेल्या नव्या डिस्कवर तिने आधी आम्हा दोघांच्या, माझ्या आणि लेकीच्या, प्रती काढल्या. “आता जे करायचं ते प्रतींवर,” ती म्हणाली. मग बापाकडे न बघता तिने आत साचलेलं बोलून टाकलं. “तवा मले एक प्रत नेऊ दिली असती तर आज पाच मिन्टांचं काम होतं. नागपूर बाहेरचं ना तुमचं!”

तिने तिघांना जवळ बसवून सांगितलं. लेकीत सगळं नसतं. जे बदललं तेवढंच तिच्यात, बाकीचं मुळात. आता मुळातही बदल झाला. मी जागा झालो तेव्हा श्री तर लिहिलं गेलंच, शिवाय जागं होताना मी माझ्या घरगुती नोंदीही इकडच्या तिकडे केल्या होत्या. लेकीला वाटतं तिथे आता भलतंच काही असेल. आकडा जुळवून लेकीला जबरदस्तीने माझ्यावर बसवता येईल, पण आत काय सापडेल ते सांगता येत नाही.

काका हाताची बोटं चोळत होते. मग त्यांनी विचारलं, “सारस म्या कोठी काढला? मुळात का वर?”

“वर. लेकीत.”

“पूरा?”

“पूरा. फाईलच नवी होती ना ते.”

“त्यात मुळातला एक बी धागा नाई?”

“नाई.”

“मंग सांधणी सुटली तर ताणा सुटते, बाई. इनून झालेला तुकडा तर सुटत नाई.”

कीर्तीने एकदम आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. माझंही काळीज, म्हणजे जे काय असेल ते, धडधडू लागलं!

तिने लेकीच्या प्रतीतला मजकूर उघडला, टिपलेला जुना आकडा काढला आणि तिथे माझा नवा आकडा लिहिला. लेकीने मला ओळखलं. काळा पडदा आला. ढगांचं चित्र आलं. जानकीबाईंनी हात जोडले. आणि पडदा निळा झाला, वर पांढरी अक्षरं, खाली काही नाही. अर्ध्या नोंदी माझ्या, अर्ध्या तिच्या, बिचारा आतला संगणक गोंधळून बसला. भूपेंद्र उठून उभा राहिला. “गेलं,” तो म्हणाला.

“बस खाली,” कीर्ती म्हणाली. “संगणक सुरू होत नाई, तर नको होऊ दे. कपाटासारखं उघडते मी याले.”

तेही जमतं, मित्रांनो! आमच्यासारख्या फाईलला चालू न करता नुसतं लॅपटॉपला जोडलं, तर आतले कप्पे दिसतात. कीर्तीने लेकीचे कप्पे एकेक करून उघडले. नक्ष्यांचा कप्पा. त्यात शेवटची नोंद. तिने ती उचलली. आता ती दाखवणार कोण? तो जुना प्रोग्राम चालवणारा, धडधाकट उभा असलेला या घरात एकच जण होता. मी! श्री लिहिलेला, आकडा बदललेला, पण ठणठणीत. तिने सारसाची फाईल माझ्या प्रतीत ठेवली, मला जागं केलं, तोच जुना सूर वाजला, आणि काकांच्या हातात माऊस दिला.

चौकोनांची जाळी उमटली. खालून वर चित्र भरत आलं. धानाच्या लोंब्या. लांब गुलाबी पाय. करडं अंग. मग एक मान वर गेली आणि तिच्याशेजारी दुसरी. दोन लाल डोकी!

“आला!” भूपेंद्र ओरडला. “आला, आला!”

काकांनी नाक पडद्याला लावलं. बोटाने एका सारसाच्या पायाचे चौकोन मोजले, वरून खाली, खालून वर. “एकोनिस,” ते म्हणाले. “बराबर हाये.” आणि मग रडले. जानकीबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःही रडत होत्या आणि हसत होत्या. मला रडता येत नाही याचं आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

संध्याकाळपर्यंत कीर्तीने लेकीतले सगळे नवे नक्षे माझ्यात आणले आणि मला पुन्हा कच्च्या रूपात उतरवलं. आता मूळ नाही, लेक नाही, सांधणी नाही. एकसंध मी. जागा जास्त लागते, पण कुठल्याही घराण्याच्या प्रोग्रामला मी वाचता येतो आणि ओळख पटवायला आकडा दाखवावा लागत नाही. तिने मला एका पेनड्राइव्हवर घेतलं. यावेळी पेनड्राइव्हनेही मुकाट्याने जागा दिली, कारण त्याची मांडणी तिने आधीच बदलून घेतली होती.

“हा नागपूरले ने,” काका म्हणाले. मग म्हणाले, “अजून एक काढ.”

“कोनासाठी?”

दुसरा पेनड्राइव्ह मुठीत धरून काका रस्ता ओलांडून गेले आणि केशवरावांच्या दारात उभे राहिले. त्या मुठीत मी होतो, म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं. चाळीस वर्षांनी ते त्या उंबरठ्याच्या आत जात होते. केशवराव मागावरून उठले.

“माझे सारे नक्षे हायेत यात,” काका म्हणाले. “ठेव तुयाजवळ. माझ्या घरी आग लागली, पानी शिरलं, तर तुयाकडं राहतील.”

केशवरावांनी पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला. मग आत गेले. बाहेर आले ते जुन्या धोतरात बांधलेलं एक गाठोडं घेऊन. त्यात त्यांच्या वडिलांच्या हातचे पुठ्ठे होते, कळसाच्या किनारीचे. ती किनार आता पवनीत कोणी विणत नाही. “याचं बी काही होईल काय गा, नंदलाल?” त्यांनी विचारलं.

केशवराव गाठोडं घेऊन आमच्या घरी आले आणि कीर्तीने ते पुठ्ठे आमच्या ओसरीवर क्रमाने मांडले. एकेक भोक बघून त्याचा चौकोन माझ्यात भरू लागली. निम्म्यावर येऊन ती थांबली. उंदरांनी सात पुठ्ठे कुरतडून टाकले होते. नेमका कळसाचा वरचा भाग. ते सात कसे होते हे सांगायला केशवरावांचे वडील नव्हते, आणि खुद्द केशवरावांना आठवेना. ते पुठ्ठ्यांचा चुरा हातात घेऊन बसून राहिले.

काका खाकरले. खाली बघत म्हणाले, “कीर्ती, सत्त्याऐंशी नंबर उघड.”

मला तो नंबर चांगला माहीत होता! अठरा वर्षं माझ्या पोटात होता तो. कधी छापला नाही, कधी विणला नाही, कोणाला दाखवला नाही. कीर्तीने उघडला. कळस, अख्खा, टोकापर्यंत.

केशवरावांनी पडद्याकडे पाहिलं, मग काकांकडे. “हे तुयाकडं कसं?”

“तुया घरी लुगडं वाळत होतं दांडीवर. मी गच्चीवरून पायलं. पंधरा वर्साचा असन. कागदावर काढून ठेवलं. मंग यात भरलं.”

“चोरलं!”

“चोरलं ना. म्हून तर हाये.”

मित्रांनो, माझं वय झालं आहे, म्हणून मला एक मागणं मागू द्या. तुमच्याही घरी असं काही असेलच, एखादं टकटक करणारं यंत्र, एखाद्या जुन्या फोनमधले फोटो, आजोबांच्या हातची वही. जगात ज्याची दुसरी प्रत नाही ते आधी शोधा. ते चालू आहे तोवरच त्याचा उतारा घ्या. मुळावर काही लिहू नका, मग ते कितीही शुभ असो. आणि उतारा एकट्या आपल्या कपाटात कोंडू नका. एकुलतं एक असण्याचा रुबाब मी केला आहे, आणि दसऱ्याच्या दुपारी तो कसा उतरला तेही सांगितलं आहे. एक प्रत दूरगावी ठेवा आणि एक समोरच्या घरी द्या, त्याच्याशी बोलणं नसलं तरी.

सत्त्याऐंशी नंबरचा छापलेला कागद केशवरावांनी घडी करून खिशात ठेवला. दारात जाऊन ते वळले आणि त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, “आनखी कोनाकोनाचे चोरले बे?”

नंदलालकाका बोटं मोजायला लागले. दोन्ही हातांची पुरली नाहीत.